जुनी जपानी व्हीएमसी ‘डोळे झाकून’ घेण्याआधी

वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हीएमसीबद्दल, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनबद्दल, एक मेसेज वरचेवर फिरतो: ‘नवी व्हीएमसी घेऊन हप्त्यांत अडकू नका. वीस वर्षं जुनी जपानी मशीन डोळे झाकून घ्या. बीड अस्सल, झीज पॅरामीटरमधून भरून निघते, कंट्रोलर गेला तर नवा बसतो, आणि पैसे निम्म्याहून कमी.’ भोसरीत, सातपूरला, शिरोलीत पहिलीच मशीन घ्यायला निघालेली मुलं हे वाचून टोकन देऊन मोकळी होतात. त्यात घरचं सोनं गहाण पडलेलं असतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

बीडाचं, म्हणजे मशीनच्या ओतीव लोखंडी सांगाड्याचं, म्हणणं खरं आहे. त्या काळातल्या चांगल्या मशीनचं कास्टिंग जड असतं, आणि बॉक्स वे, म्हणजे टेबल सरकायच्या रुंद चौकोनी वाटा, असतील तर मोठ्या कटलाही ती थरथरत नाही. पण जॉबचं, म्हणजे बनवायच्या तुकड्याचं, माप नुसत्या बीडावर येत नाही. ते येतं टेबल सरकवणारा बॉलस्क्रू, वे आणि कटर फिरवणाऱ्या स्पिंडलच्या बेअरिंगवर, आणि हे तिन्ही झिजतात.

‘झीज पॅरामीटरमधून भरून निघते’ हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. जुन्या कंट्रोलरच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, बॅकलॅशचा (दिशा बदलताना जाणवणाऱ्या ढिलाईचा) आकडा भरता येतो, पण तो अख्ख्या अक्षाला एकच. स्क्रू मात्र सगळीकडे सारखा झिजत नाही. जॉब पकडायचा व्हाइस वर्षानुवर्षं टेबलाच्या मध्यावर, म्हणून झीजही मध्यावर जास्त. तिथे ४० मायक्रॉन आणि टोकाला १० असतील, तर भरणार कोणता आकडा?

हे तपासायला एक लिव्हर डायल, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारी डायल, पुरते. आधी तो पॅरामीटर लिहून घ्या आणि शून्य करायला लावा, नाहीतर झाकलेली झीज दिसणारच नाही. डायल स्पिंडलला लावून टेबलावरच्या ब्लॉकला टेकवा. हँडव्हील सगळ्यात बारीक पट्टीवर ठेवा, म्हणजे एका क्लिकला एक मायक्रॉन. थोडं एका दिशेने न्या, मग उलट फिरवा आणि काटा हलेपर्यंतचे क्लिक मोजा. मध्यावर करा, दोन्ही टोकांना करा. मग मूळ आकडा परत भरून अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात एंडमिलने एक गोल फिरवून घ्या. अक्ष जिथे दिशा बदलतो त्या चार जागी नखाला पायरी लागली, तर भाव करायच्या आधी स्क्रूचा खर्च विचारा.

स्पिंडल थंड असताना तपासू नका. अर्धा तास वरच्या आरपीएमवर फिरू द्या, आवाज ऐका, मग टेस्ट बार (अचूक घासलेला सरळ दांडा) लावून टेपरजवळ, म्हणजे स्पिंडलच्या तोंडाशी, आणि ३०० मिमी खाली रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डुलतो ते, बघा.

कंट्रोलर नवा बसतो, हो. पण त्याच्याबरोबर बहुतेक वेळा ड्राइव्ह, सर्व्हो मोटर, वायरिंग आणि टूल चेंजरचं लॅडरही (तो चालवणारा प्रोग्रॅम) नव्याने करावं लागतं. हा खर्च मशीनच्या खरेदीच्या घरात सहज जातो. शिवाय जुन्या फानूक कंपनीच्या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर बॅटरीवर टिकतात. गोदामात बंद पडून बॅटरी संपली की सगळे पुसले जातात. पॅनेलच्या दाराच्या खिशात पॅरामीटरची छापील यादी आहे का, हे जरूर बघा.

मोल्डचं काम करणाऱ्यांनी तर आणखी एक हिशेब करावा. मोल्डचा प्रोग्रॅम लांबलचक आणि जुन्या कंट्रोलरची मेमरी इवलीशी, म्हणून तो कॉम्प्युटरमधून केबलवरून ओढत चालवायचा. ९६०० बॉडवर (केबलच्या वेगाचं माप) सेकंदाला नऊशेच्या आसपास अक्षरं येतात, म्हणजे साधारण चाळीस ओळी. एक ओळ ०.१ मिमीची असेल, तर फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग, मिनिटाला २४० मिमीच्या वर जाणारच नाही, मग मशीन कितीही दणकट असो.

आणि ‘निम्म्याहून कमी’ पैशांत काय धरलेलं नसतं? जपानी मशीन २०० व्होल्टची, आपली लाइन ४१५ची, म्हणून ट्रान्सफॉर्मर. क्रेन, लेव्हलिंग, टूल होल्डर. रिजिड टॅपिंगचा (आटे पाडताना स्पिंडल आणि फीड जुळवून ठेवायचा) ऑप्शन नसेल तर ती तफावत सांभाळणारा फ्लोटिंग होल्डर. स्क्रीनवरचे कमी तास बघून भुलू नका, ते शून्य करता येतात.

जुनी मशीन घेऊच नका, असं मी म्हणत नाही. ड्रिलिंग, टॅपिंग, प्लेट, फिक्स्चर अशा कामाला चालत्या कारखान्यातली, ऑपरेटर अजून जिच्यावर उभा आहे अशी मशीन मिळाली तर मी स्वतः घ्यायला सांगेन. तुमचा मटेरियलचा तुकडा आणि ड्रॉइंग घेऊन जा, तुमच्यासमोर जॉब काढायला लावा, आणि तो गार झाल्यावर मोजा. विकणारा मशीनला सप्लाय जोडून दाखवायला तयार नसेल, तर टोकन देऊ नका.