‘दहा टक्के कॉपी चालते’ म्हणे!

नाशिकच्या कॉलेज ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) १० टक्क्यांपर्यंत कॉपीला परवानगी देते, शब्द बदलले की प्रश्नच मिटला.’ दोन्ही गोष्टी चूक.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच. ती उचलेगिरीची सवलत नव्हे. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ६० च्या वर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत, श्रेय देऊन घेतलेला मजकूर मोजणीतून वगळतात, हे मेसेजवाले सोयीस्करपणे गाळतात.

आता शब्द बदलण्याचं. पांडवलेण्यांवर प्रकल्प करताय समजा. ‘त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत’ हे सर्वज्ञात, संदर्भ नको. पण तिसऱ्या लेण्यातल्या सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखातून एखाद्या अभ्यासकाने काढलेला निष्कर्ष त्याचाच. ‘पराक्रम’चं ‘शौर्य’ केलंत, वाक्य उलटंपालटं केलंत, तरी. तिथे नाव द्यायलाच हवं. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर मुख्यतः जुळणारे शब्द पकडतं. उचललेली कल्पना त्याच्या हाती लागेलच असं नाही, गाईडच्या मात्र लागू शकते. वाचून पुस्तक मिटा आणि आपल्या भाषेत लिहा. मग मूळ मजकुराशी ताडून बघा, संदर्भ तेव्हाच टाका. आदल्या रात्री टाकायचे म्हटलं तर राहतातच.