आध्यात्मिक प्रगती टाळायचे खात्रीचे उपाय

हल्ली ठाण्यात घोडबंदर रोडला ज्याला भेटावं तो आध्यात्मिक प्रगतीच्या मागे लागलेला, त्यामुळे ज्यांना ती अजिबात नकोय अशा साध्या माणसांची फार पंचाईत झालीय. म्हणजे देव हवा असतो, आरतीला वर्षातनं दोन-तीनदा गळा दाटून आला की बरंही वाटतं, पण स्वभाव बदलायचा नसतो, एवढी पन्नास वर्षं घासून तो बनवलेला असतो. अशांसाठी हे लिहितोय.

पहिलं काम, रीतसर एखाद्या धर्मात शिरा. कुठल्याही, त्याने फरक पडत नाही. बाहेर राहिलं की माणसाला प्रश्न पडायला लागतात आणि आत उत्तरं लॅमिनेट करून भिंतीला लावलेली असतात. सोमवारी कोपिनेश्वर, गुरुवारी मठ, शुक्रवारी घंटाळी देवी, नवरात्रात कुठल्या दिवशी कुठला रंग घालायचा ते सुद्धा पेपरात छापून येतं, डोकं चालवायची वेळच येत नाही. आणि आकडा धरा. अकरा गुरुवार, एकवीस आवर्तनं, एकशे आठचा जप. आकड्याचा फायदा असा की तो संपतो. "चांगलं वागा" हे काही संपत नाही हो, कितीही वागलं तरी दुसऱ्या दिवशी परत सकाळ होते.

नमुना बघायचा असेल तर सकाळी ठाणे स्टेशनला उभे राहा. मागून भरून आलेली फास्ट लोकल येते, आत टाळ-मृदंग जोरात, सगळी भूतं एकाच ईश्वराची हे पोटतिडकीने गाणं चाललेलं, आणि दारातला भक्त तुम्हाला कोपराने परत प्लॅटफॉर्मवर ढकलतो तेही तालात. याला म्हणतात साधना पक्की होणं. मात्र या मंडळींपासून अंतर ठेवा, कारण रोजचा टाळवाला चार दिवस दिसला नाही तर संध्याकाळी घरी जाऊन थडकतात, डॉक्टरकडे घेऊन जातात, डबा पाठवतात. नको तिथे जीव अडकतो मग.

म्हणूनच सांगतो, धर्मात शिरलात तरी काम निवडताना डोळे उघडे ठेवा. माइक घ्या, निवेदन घ्या, पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यायला पुढे व्हा. स्टेजवर चढलेल्या माणसाची प्रगती झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. धोका सगळा मागे असतो. चप्पल स्टँड, भांडी, वाढप. तीन तास लोकांच्या चपला उचलून टोकन देत बसलात की पहिल्या तासात राग येतो, दुसऱ्यात कंटाळा, आणि तिसऱ्यात आपण कोण, आपलं डेसिग्नेशन काय, हेच आठवेनासं होतं. तिथून माणूस वाया जातो.

वारीचंही तसंच. करायचीच असेल तर एक दिवसाची करा, पहाटे ठाण्याहून एसी बस, दिवे घाटात फोटो, रात्री घरी येऊन स्टेटस. पूर्ण मात्र चालू नका. ते प्रकरण एका जुन्या लष्करी माणसाने बसवलेलं आहे, हैबतबाबा आरफळकर, शिंद्यांच्या पदरी होते, 19व्या शतकात त्यांनी माउलींच्या सोहळ्याला सैन्यासारखी शिस्त लावली, दिंड्यांना नंबर, कोण पुढे कोण मागे ते ठरलेलं. मुक्कामाला पोचल्यावर समाज आरतीच्या आधी सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, चोपदार दंड वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातो, काय ते ऐकून घेतो, मार्ग काढतो, कुणाचं काय हरवलं-सापडलं ते पुकारतात आणि मग आरती. आधी तक्रार, मग देव!

आमच्या सोसायटीत बी विंगच्या गळक्या पाइपवर ग्रुपमध्ये दोन वर्षं मेसेज चाललेत, अजून कुणी दंड वर केलेला नाही. तर सांगायचा मुद्दा, असल्या ठिकाणी एकवीस दिवस चाललात आणि "बाकीचे गप्प बसून माझं ऐकतात" हा अनुभव आला, तर परत आल्यावर तुम्हीही दुसऱ्याचं ऐकायला लागाल. ते घरच्यांना झेपणार नाही.

एवढं करूनही कधीतरी धर्माचा वैताग येतोच. आला की सोडून द्या, कारणं भरपूर तयार आहेत. ज्या पंढरपुराने समतेचं गाणं महाराष्ट्राला दिलं तिथेच चोखोबांची समाधी देवळाच्या दाराबाहेर, आणि ते दार दलितांना उघडायला पुढे सहाशे वर्षं गेली, 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं तेव्हा. त्याआधी बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यात सांगून टाकलेलं की हिंदू म्हणून मरणार नाही. कारण शंभर टक्के खरं आहे. पण बघा, बाबासाहेब बाहेर पडले ते वीस वर्षं अभ्यास करून, 1956ला लाखोंना बरोबर घेऊन आणि दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा देऊन, म्हणजे बाहेर पडून त्यांनी कामच वाढवलं. तुम्हाला रविवारी झोपायचंय. तेव्हा तुम्ही कारण घ्या, बाकीचं राहू द्या.

मग म्हणायचं, "मी रिलिजस नाही, स्पिरिच्युअल आहे." हे वाक्य उपवन तलावावर सकाळी साडेसहाला, योगा मॅट काखेत असताना फार शोभतं. या मार्गात आपणच देव, आपणच भटजी आणि वर्गणीही नाही. ॲपमध्ये सलग बेचाळीस दिवसांची स्ट्रीक असते (बघा, आकडा सुटला नाहीच), कानात बासरी, आणि ज्याच्याशी पटत नाही तो "टॉक्सिक", त्याला ब्लॉक करायचं. देवळाच्या लाइनीत ब्लॉकची सोय नव्हती. पुढचा माणूस घामेजलेला असो, मागचा ढकलत असो, तासभर सोबत उभं राहावं लागायचं.

फक्त एका सापळ्यापासून जपा. अशा स्वतंत्र माणसाला कुणीतरी विपश्यना सुचवतं, ठाण्याहून इगतपुरी काय लांब नाही, माणूस उत्साहाने जातो. तिथे फोन जमा, दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा. फी नाही, आधी शिबिर केलेल्या कुणीतरी दिलेल्या दानातून तुमची खिचडी शिजते आणि ती शिजवणारेही पुष्कळदा सेवेला आलेले जुने साधकच. म्हणजे संघटना नको म्हणून पळालेला माणूस दुसऱ्याने वाजवलेल्या घंटेवर उठतो! टेंभी नाक्याला 1879चं सिनेगॉग आहे, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, बेने इस्रायलींचं प्रार्थनास्थळ, तिथे तर नियमच आहे की दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थनेतला काही भाग म्हणताच येत नाही. आता बरेचसे इस्रायलला गेले, पण नियम काही दहाचा सात केला नाही कुणी. एकट्याचं एकट्याने जमेल यावर या जुन्या लोकांचा विश्वासच नव्हता बहुतेक, आपल्याकडे निदान ॲप तरी आहे.

माझंच सांगतो, काय होऊ शकतं ते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांशी माझं पार्किंगवरून दीड वर्ष बोलणं बंद होतं, फार छान चाललं होतं. गेल्या गणपतीत महाप्रसादाला केटररची पोरं कमी आली आणि सेक्रेटरीने मसालेभाताचा टोप उचलायला समोर दिसतील ते दोघे धरले. एक कान माझ्या हातात, दुसरा त्यांच्या. जिना उतरायचा होता. मधल्या पायरीवर ते म्हणाले, "सावकाश, तुमच्या बाजूला जास्त गरम आहे, फडकं घ्या," आणि खांद्यावरचं स्वतःचं फडकं दिलं.

आता लिफ्टमध्ये बोलावं लागतं रोज. यंदा मी मीटिंगच्या आधीच सांगून ठेवलंय, मला साउंड सिस्टिमला टाका.