क्रोम राहू द्या, काचेच्या कपाटाकडे बघा

चकाकतं क्रोम आणि टेबलावरचा ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणी ऐकवणारं यंत्र) म्हणजेच न्यू जर्सीच्या डायनरचा, म्हणजे तिथल्या साध्या, परवडणाऱ्या खाणावळीचा आत्मा, हे तुमच्या डायनरवरच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. डायनरची मुळं जिथे सापडतात, त्या अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात १८७२ साली वॉल्टर स्कॉटने घोडागाडीतून रात्री खाणं विकायला सुरुवात केली, तिथे कसलं आलंय क्रोम! रात्री-अपरात्री परवडणारं गरम खाणं, हाच या धंद्याचा पाया. आणि ग्रीक मालकांबद्दल तुम्ही एक ओळही लिहू नये? इकडचे कितीतरी डायनर ग्रीक कुटुंबांनी चालवले. बर्गरच्या शेजारी पालक भरलेला ‘पाय’ (pie, ग्रीक स्पॅनाकोपिटा) मेन्यूत आला तो त्यांच्यामुळेच.

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या डायनरमध्ये सासूबाईंना पहिल्यांदा नेलं तेव्हा त्या पालकाच्या पायवरच त्यांचं भागलं. डिस्को फ्राइज (ग्रेव्ही आणि चीज घातलेले बटाट्याचे फ्राइज) मागवणार होतो, पण त्यावरची ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची असते, शाकाहारी मंडळींनी आधी विचारलेलं बरं. (तिथल्या केकमध्ये अंडं बहुधा असतंच, तिथे सासूबाईंनी सोयीस्कर कानाडोळा केला.) दारातच काचेचं कपाट, त्यात वीतभर उंचीचे केक, चीजकेक, लेमन मरँग पाय. जिथे हे मागच्या भटारखान्यात भाजतात तिथे आत शिरतानाच वास येतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी केक बाहेरून आणतात आणि भिंती मात्र नव्याने चकाचक करतात. तुमच्या फोटोतल्या डायनरमध्ये भट्टी आहे का, तेवढं सांगा, म्हणजे जायचं की नाही ते ठरवता येईल.