भूत साक्षीला आलंच नव्हतं

गेले काही महिने रात्री भांडी घासताना मी अमेरिकेतल्या ॲपलॅचा डोंगररांगेतल्या भुतांच्या आणि खुनांच्या गोष्टी ऐकतेय. (आपण भूगोलात 'ॲपलेशियन' शिकलो. तिथल्या डोंगरातल्या माणसांसमोर तसं म्हटलं की हा बाहेरचा, हे लगेच कळतं म्हणे.) बहुतेक कार्यक्रम एकाच साच्यातले. आधी धुकं, मग घुबड, मग दबका आवाज. पण मधूनच गावातलाच कुणीतरी भेटतो, ज्याने कोर्टाची जुनी दप्तरं आणि वर्तमानपत्रांचे पिवळे अंक स्वतः चाळलेले असतात. तो बोलायला लागला की माझा नळ तसाच वाहत राहतो.

वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर काउंटीतली झोना हीस्टर शू हिची गोष्ट घ्या. 23 जानेवारी 1897 ला ती घरात मेलेली सापडली. नवरा लोहार. डॉक्टर यायच्या आत त्याने स्वतःच तिला कपडे घातले, उंच कॉलरचा झगा, आणि तपासणीभर तिचं डोकं मांडीवरून सोडलं नाही. बायकोला शेवटची आंघोळ घालून तयार करणं हे तिथेही बायकांचं काम, पण याने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. डॉक्टरांनी वरवर पाहिलं आणि नैसर्गिक मृत्यू लिहून टाकला.

पुढे झोनाची आई मेरी जेन सरकारी वकिलाकडे गेली. म्हणाली, चार रात्री लेक माझ्याजवळ आली आणि नवऱ्याने मान मोडली असं सांगून गेली. फेब्रुवारीत प्रेत उकरलं. मान खरंच मोडलेली होती, श्वासनलिका चिरडलेली, गळ्यावर बोटांच्या खुणा. नवऱ्याला जन्मठेप झाली आणि 1900 साली तो तुरुंगातच मेला.

आता तिथे हमरस्त्याकडेला सरकारी फलक आहे : भुताच्या साक्षीने खुन्याला शिक्षा झाल्याचा हा एकमेव ज्ञात खटला. बहुतेक पॉडकास्ट हा फलक वाचून दाखवतात आणि पुढच्या जाहिरातीकडे वळतात.

पण खटल्याची हकिकत नीट वाचणारे सांगतात की सरकारी वकिलाने भुताचा विषय काढलाच नव्हता. तो काढला बचावाच्या वकिलाने, म्हातारीला वेडी ठरवायला. तुम्हाला स्वप्न पडलं असेल, असं तो परत परत विचारत राहिला. ती एकदाही ढळली नाही.

दुसरा शोध तर मला सगळ्यात भारी वाटला. झोनाच्या मृत्यूची बातमी ज्या अंकात आली, त्याच अंकात ऑस्ट्रेलियातली एक भुताची गोष्ट छापलेली होती. एका माणसाला खून झालेल्याचं भूत दिसतं, त्यावरून प्रेत सापडतं. मरताना तो कबूल करतो की भूतबित काही नव्हतं; खून डोळ्यांनी पाहिला होता, पण सांगायची भीती वाटली.

मेरी जेनने ते वाचलं होतं का, याचा पुरावा नाही. मला मात्र माझ्या आजोळच्या एक काकू आठवल्या. एरवी त्यांना घरात कुणी भाजी काय करायची हेही विचारायचं नाही. अंगात आलं की अख्खा वाडा हात जोडून उभा. त्यातलं खरं किती आणि ठरवलेलं किती, हे आम्हा पोरींना तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. 1897 साली डोंगरातल्या एका बाईने 'मला जावयाचा संशय आहे' एवढंच म्हटलं असतं, तर कबर उकरली असती?

म्हणून भुताच्या गोष्टी सोडून द्या, असं मी म्हणत नाहीये. गोष्ट नसती तर झोनाचं नावही उरलं नसतं. माझा राग आळशी सांगणाऱ्यांवर आहे. त्याच राज्यातल्या पॉइंट प्लेझंट गावाचा 'मॉथमॅन' घ्या, म्हणजे लोकांना दिसला म्हणतात तो पंखवाला, माणसासारखा प्राणी. तिथल्या पुलाच्या अपघाताशी त्याचं नाव जोडतात. 15 डिसेंबर 1967 ला तिथला सिल्व्हर ब्रिज नदीत कोसळला, 46 माणसं गेली. कारण सापडलं ते पुलाच्या साखळीतल्या एका पट्टीला गेलेली, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर. कार्यक्रमात मात्र तासभर पंख आणि लाल डोळे, चिरेला अर्धं वाक्य. मला ती चीर जास्त घाबरवते, रोज खाडीपूल ओलांडते ना मी.

असो. कालच्या भागात त्या उलटतपासणीचा उतारा वाचला. वकील विचारतो, स्वप्न नव्हतं कशावरून? म्हातारी म्हणते, मी टक्क जागी होते.