स्वस्त प्रोसेसरवर नवीन गेम चालत नाहीत म्हणणाऱ्यांना उत्तर

माझ्या मावसभावाचा मुलगा, गोव्यातल्या डिचोलीचा, यंदा फर्मागुढीला इंजिनिअरिंगला लागला, चवथीच्या आधी पीसी घ्यायचाय आणि घरून साठ हजार मिळालेत. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, मग राहू दे का?" हाच मेसेज मला फोंड्यातल्या तीन ग्रुपवर येऊन गेलाय. म्हणणं असं की प्रोसेसरला आठ कोर (आतले एकाच वेळी काम करणारे भाग) नसले तर आजचे गेम चालतच नाहीत, टेस्टमध्ये स्वस्त प्रोसेसर निम्म्यावर येतात, प्लेस्टेशनलाच आठ कोर आहेत, गेमवाले स्वतः इंटेलचा महागडा आय७ मागतात, आणि एवढं करून घेतलाच तर दोन वर्षांत भंगार. हे वाचून पोरं एक तर पीसीचा विचार सोडतात नाहीतर प्रोसेसरवरच सगळे पैसे ओततात आणि मग ग्राफिक्स कार्डाला काही उरत नाही. मला याचा खरंच राग येतो म्हणून नीट लिहितोय.

आधी टेस्टचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. प्रोसेसर तपासणारे लोक त्याच्याबरोबर आरटीएक्स ४०९० सारखं ग्राफिक्स कार्ड लावतात, जे भारतात आलं तेव्हाच दीड लाखाच्या वर होतं, आणि गेम चालवतात १०८०पी (फुल एचडी) वर. हे ते मुद्दाम करतात आणि बरोबरच करतात, कारण कार्ड अडथळा ठरलं तर प्रोसेसरमधला फरक दिसणारच नाही. पण साठ हजाराच्या पीसीत ४०९० नसतं, आरएक्स ६६०० या मध्यम कार्डाच्या आसपासचं काहीतरी असतं. गेममधली माणसं कुठे चालतायत, गाडी आपटली तर काय होतं, कार्डाला पुढे काय काढायला सांगायचं, हे काम प्रोसेसरचं. चित्र रंगवायचं काम कार्डाचं, १०८०पी ला एका फ्रेममध्ये (एका चित्रात) साधारण २०.७ लाख पिक्सेल, ४के ला ८३ लाख. ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, हवे तर दोघांनाही एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि जो हळू त्याच्या वेगाने गेम चालतो. ६६०० वर हाय सेटिंगला नवीन मोठा गेम लावलात तर बहुतेक वेळा हळू असतं ते कार्ड, मग प्रोसेसर दुप्पट किमतीचा घातला तरी आकडा जवळपास तिथेच राहतो.

पटत नसेल तर कुणाच्याही पीसीवर बघा. आफ्टरबर्नर (पीसीचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, एफपीएसवरची मर्यादा काढा, जीपीयूचा, म्हणजे कार्डाचा, वापर ९७-९८ टक्के दिसला तर अडतंय कार्डाशी. तो ६०-७० वर लोळत असेल आणि सेटिंग कमी करूनही एफपीएस वाढत नसतील, तर मात्र प्रोसेसर कमी पडतोय. नेटवरचे ते बॉटलनेकचे (कोण कुणाला अडवतं याचे) टक्के सांगणारे कॅल्क्युलेटर कुठला गेम, कुठलं सेटिंग हे धड न बघताच एक आकडा देतात, तो सोडून द्या.

प्लेस्टेशन ५ ला आठ कोर आहेत हे खरं. पण ते झेन २ या जुन्या पिढीचे, जास्तीत जास्त ३.५ गिगाहर्ट्झचे, आणि त्यातला काही भाग सिस्टिमसाठी राखीव. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये कोर सहाच पण पुढच्या पिढीचे, झेन ३ चे, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे, वर ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी. गेममध्ये एखादा मुख्य थ्रेडच (कामाची एक साखळी) बाकीच्यांना थांबवून ठेवतो, त्यामुळे एकेक कोर किती जोरात धावतो याला फार किंमत आहे. नुसते कोर मोजून उपयोग नाही.

आय७ चं तर विचारूच नका. सायबरपंक २०७७ या गेमला कसा पीसी लागतो याच्या २०२३ च्या सुधारित यादीत शिफारस आय७-१२७०० ची आहे हे फॉरवर्डवाला सांगतो, पण त्याच यादीत किमान म्हणून आय७-६७०० लिहिलाय, तो २०१५ चा, चार कोर आठ थ्रेडचा (एक कोर दोन थ्रेड सांभाळतो), हे सांगत नाही. २०२२ मध्ये आलेला आय३-१२१००एफ सुद्धा चार कोर आठ थ्रेडचाच आहे आणि त्या जुन्या आय७ च्या बराच पुढे आहे. म्हणजे पिढी न सांगता नुसतं आय३, आय७ म्हणणं म्हणजे गाडीचं साल न विचारता किंमत ठरवणं.

आता त्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो. चार थ्रेडचे जुने प्रोसेसर, आय३-९१००एफ वगैरे, आज घेऊ नका, सरासरी एफपीएस बरे दिसतील पण मध्येच गचके बसतात. ड्रॅगन्स डॉग्मा २ या गेमच्या शहरात माणसांची गर्दी आली की प्रोसेसर घामाघूम होतो, सिटीज स्कायलाइन्स २ मध्ये शहर वाढेल तसं तेच, रे ट्रेसिंगचाही (उजेड-सावली खऱ्यासारखी काढण्याचा) भार प्रोसेसरवर पडतो. आणि व्हॅलोरंट २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याला एका फ्रेमला जेमतेम ४ मिलिसेकंद मिळतात, त्याने प्रोसेसरवर जास्त पैसे घातले तर मी अडवणार नाही. शिवाय सगळे स्वस्त सारखे नसतात, ५५०० आणि ५६००जी ही नावं ५६०० च्या भावंडांसारखी वाटतात पण दोघांत एल३ कॅश १६ एमबी, निम्मीच, आणि कार्ड जोडायचा रस्ता, पीसीआय एक्सप्रेस, जुना ३.०. वेगळं कार्ड लावणार असाल तर साधा ५६०० च मागा, दुकानदार "सेमच आहे" म्हणाला तरी.

दोन वर्षांत भंगार? ५६०० मदरबोर्डवरच्या ज्या जागेत बसतो त्या एएम४ सॉकेटसाठी डेस्कटॉप रायझन २०१७ मध्ये आले आणि २०२२ च्या ५८००एक्स३डी पर्यंतचे प्रोसेसर बायोस (बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून कितीतरी जुन्या बोर्डांवर बसले. बोर्ड बरा घेतला तर उद्या फक्त प्रोसेसर बदलता येतो. आणि आपल्याकडचं एक बाहेरचे लोक धरतच नाहीत: पावसाळ्यात लाईट जाते, एप्रिल-मेमध्ये खोली तापून दमट होते. ५६०० हा ६५ वॅटचा, बॉक्समधल्या कूलरवर भागतं, ६६०० कार्ड १३२ वॅटचं, दोन्ही मिळून छोट्या यूपीएसवर गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. आय७-१२७०० पूर्ण ताकदीने १८० वॅटपर्यंत जाऊ शकतो, त्याला कूलर वेगळा, यूपीएस मोठा, ते पैसे कुणी मोजत नाही.

गेल्या वर्षी एकाने मडगावातल्या एका दुकानातून तयार पीसी आणला, प्रोसेसर आठ कोरचा, महागडा, आणि गेम अडखळतायत म्हणून माझ्याकडे घेऊन आला. उघडून बघतो तर रॅमची १६ जीबीची एकच काडी, सिंगल चॅनल, म्हणजे प्रोसेसरला मेमरीकडे जायला एकच रस्ता. तिच्या जागी आठ-आठच्या दोन घातल्या, त्याच प्रोसेसरवर गचके जवळजवळ गेले. तेव्हा बाबा, पीसी राहू देऊ नकोस. सहा कोर बारा थ्रेड घे, उरलेले पैसे कार्डाला लाव. शनिवारी मी फोंड्याहून येतोच, तोवर दुकानात फोन करून एवढंच विचारून ठेव, रॅमच्या काड्या दोन देणार का एक.