कान असे 'तयार' होत नसतात

परवा परभणीला आक्काकडे जेवायला बसलो होतो. तिनं भाच्याला तीनदा हाक मारली. पोरगं शेजारच्याच खोलीत, दार उघडं, तरी उठेना. जाऊन बघितलं तर डोक्यावर हेडफोन, पडद्यावर विमान उडवायच्या गेममधलं मिग-२१ हे लढाऊ विमान आणि आवाजाची पट्टी पार टोकाला. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, तर हातभर अंतरावरून मला इंजिनची घरघर ऐकू येत होती.

"मामा, आवाज कमी करायचा नसतोय. कान तयार व्हायलेत," असं म्हणून त्यानं मोबाइल पुढं केला.

'खऱ्या फायटर पायलटचे ५ नियम' नावाचा तो मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेला होता, तेव्हा मी न वाचताच पुढं गेलो. नियम थोडक्यात असे. एक, खऱ्या कॉकपिटमध्ये १२० डेसिबल आवाज असतो, म्हणून सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा गेम, फुल आवाजावरच खेळा, कान हवाई दलासाठी तयार होतात. दोन, ध्वनीचा वेग ओलांडला की कॉकपिटमध्ये काहीच ऐकू येत नाही. तीन, काचेच्या चौकटीच्या पट्ट्या जितकी नजर अडवतील तितका गेम खरा. चार, झूम करणं म्हणजे चीटिंग, पायलटच्या डोळ्यांना झूम नसतो. पाच, ५०० तास खेळलात की वैमानिक निवड पक्की.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. मिग-२१ च्या मागं उभं राहून रीहीट (इंजिनच्या मागं जादा इंधन जाळून मिळणारा जोर) लागताना छातीचा पिंजरा हादरतो, ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे. म्हणून पहिल्या नियमाबद्दल जरा सविस्तर बोलतो.

लढाऊ विमान गोंगाटाचं असतं, हे खरं. पण तिथं माणसाचे कान उघडे नसतात. वैमानिकाच्या हेल्मेटमध्ये कान झाकणाऱ्या वाट्या असतात, त्या आवाज अडवायलाच. आम्ही खाली टारमॅकवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथं, कान झाकणारे मफ लावल्याशिवाय चालू इंजिनजवळ जायचो नाही. ज्या दलासाठी हा पोरगा कान 'तयार' करतोय, ते दल माणसांचे कान वाचवायला धडपडतं. शिवाय जेटचं इंजिन पाठीमागं असतं. पुढं बसलेल्याला काचेवरून घासणाऱ्या हवेचा आणि एअर कंडिशनिंगचा आवाज जास्त, वर मास्कमधला स्वतःचा श्वास आणि रेडिओ. म्हणजे फुल आवाजात इंजिन ऐकणं हे नक्कल म्हणूनही चुकलेलंच.

आता 'तयार' होण्याचं. भाचा म्हणाला, पहिल्या आठवड्यात आवाज सहन व्हायचा नाही, आता काही वाटत नाही. त्याला ही प्रगती वाटते. अरे बाळा, आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या थकतात, म्हणून तोच आवाज बारीक वाटायला लागतो. विश्रांती मिळाली तर काही सावरतात. रोज मारा चालू ठेवला तर मरतात, आणि मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. हाताला घट्टे पडतात तसं कानाचं होत नाही. "रात्री कुईं वाजतंय का?" असं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "कवा कवा वाजतंय." माझ्या डाव्या कानात ते कायमचं आहे. तरुणपणी सोबत्याचं बोलणं ऐकायला मी मफ बाजूला सारायचो, त्याची ही किंमत. म्हणून हा मेसेज वाचून माझं डोकं फिरलं.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब साधा आहे: मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, मुलांना तेवढेच तास पण ७५ डेसिबल. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, असं करत १०१ पर्यंत गेलात की आठवड्याला २० मिनिटंसुद्धा उरत नाहीत. हे मोठ्यांचं गणित. भाचा रोज दोन तास बसतो.

तो दहावीला आहे. संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत, म्हणजे एसपीआयला जायचं आणि तिथून एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, हे त्याचं स्वप्न. पुढं वैद्यकीय तपासणीत परीक्षकाकडं पाठ करून उभं करतात, आणि साधारण ६ मीटरवरून केलेली कुजबूज एकेका कानानं ऐकू यावी लागते. मोठा आवाज किती सहन होतो, हे तिथं कुणी विचारत नाही. आईची हाक ज्याला शेजारच्या खोलीतून ऐकू आली नाही, त्यानं यावर विचार करावा.

दुसरा नियम दोन वाक्यांत संपतो. कॉकपिटमधली हवा विमानासोबतच पळते, जशी देवगिरी एक्स्प्रेसच्या डब्यातली हवा गाडीसोबत, आणि इंजिनचा थरकाप विमानाच्या धातूतून पुढं येतो. मागं राहतो तो बाहेरच्या हवेतला आवाज.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. मेसेजच्या शेवटी लिहिलंय की काही गेममध्ये मागून येणाऱ्या शत्रूच्या विमानाचं इंजिन ऐकू येतं, ते खोटं आहे. हे बरोबर आहे. जुन्या पंख्याच्या विमानात तर स्वतःच्या इंजिनपुढं दुसरं काही ऐकू येणं अवघडच.

झूमबद्दल मात्र मेसेज लिहिणाऱ्यानं टेपसुद्धा हातात घेतलेला नाही. मी घेतला. भाच्याचा मॉनिटर २४ इंची, रुंदी ५३ सेंटिमीटर, तो बसतो ६० सेंटिमीटरवर. म्हणजे ती खिडकी त्याच्या डोळ्याला जेमतेम ४८ अंशांची. गेममध्ये त्यानं ९० अंशांचं दृश्य लावलेलं, म्हणजे डावीकडून उजवीकडं ९० अंशांतलं सगळं त्या पडद्यावर. ९० अंश ४८ मध्ये कोंबले की मधली प्रत्येक वस्तू खऱ्यापेक्षा निम्म्याहून लहान दिसते. मिग-२१ चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर. समोरून येणारं मिग ५ किलोमीटरवर असेल तर त्याच्या १९२० पिक्सेलच्या पडद्यावर ते दीड पिक्सेलसुद्धा भरत नाही. ४८ अंशांपर्यंत झूम केल्यावर ३ पिक्सेल होतात, आणि खऱ्या डोळ्याला ते जेवढं दिसलं असतं तेवढ्या आकाराचं होतं. झूम इथं दुर्बीण होत नाही, डोळ्याचं हक्काचं परत देतो. त्याच्याही पुढं झूम करत गेलात तर मग चीटिंग म्हणा.

पट्ट्यांचं तर विचारूच नका. एफ-१६ ची काच पुढून अखंड आहे, वैमानिकासमोर एकही पट्टी नाही. मग ते विमान खोटं का? मिग-२१ मधून मागचं दिसायची मारामार, तेही खरं. जसं विमान तशी चौकट. आणि आपल्याला डोळे दोन आहेत, त्यांच्यात सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर. पेन्सिल डोळ्यांसमोर उभी धरून अंगणातल्या लिंबाकडं बघा, झाड पूर्ण दिसतं, कारण एका डोळ्याला जे झाकलं ते दुसऱ्याला दिसतं. सपाट पडद्यावर दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळतं, म्हणून तीच बारीक पट्टी तिथं भिंत होते. दुसऱ्या महायुद्धातल्या फॉके-वुल्फ १९० ची पुढची काच जाड आणि तिरपी होती. तिच्यातून प्रकाश वाकून यायचा आणि खालची पट्टी वैमानिकाला बारीक दिसायची. गेममध्ये तीच पट्टी सरळ आखली की जाड होते, आणि लोक त्याला 'खरं' म्हणतात.

राहिले ५०० तास. हवाई दलाकडं सिम्युलेटर असतात, गेममुळं कॉकपिटमधली वेग-उंचीची घड्याळं ओळखायला येतात, इथपर्यंत मान्य. पण एनडीएचा लेखी पेपर ९०० गुणांचा, त्यात ३०० गणिताचे. वैमानिकाची संगणकीय चाचणी, सीपीएसएस, जन्मात एकदाच देता येते. तिथवर पोचायला आधी गणित सुटावं लागतं.

जेवण झाल्यावर भाच्यासोबत बसलो. पट्टी एक तृतीयांशावर आणली, दृश्य ४८ अंशांवर. त्यानं क्षितिजाकडं बघितलं आणि म्हणाला, "मामा, विमानं मोठी दिसायलीत की." सोमवारी त्याला कानाच्या डॉक्टरकडं नेतोय. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवला, त्यांनी हेही त्याच ग्रुपवर पाठवा.