पॉइंट्सवर बिझनेस क्लास ही हुशारी, आणि बँकेचे ३०० डॉलर ही चिंधीगिरी?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे सरकावं.

दुपारी एका घरी जेवायला होतो. नेहमीचीच न्यू जर्सीची मंडळी, मसालेभात, मठ्ठा, आणि तोंडी लावायला सगळ्यांचं इमिग्रेशन. बोलता बोलता मी म्हटलं, एक बँक सध्या नवीन चेकिंग अकाउंटला, म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या खात्याला, ३०० डॉलर देतेय, पगार तिकडे वळवायचा एवढंच, कुणाला हवं असेल तर माहिती पाठवते. तर एक दादा जिलबीवरची नजर न काढता म्हणाले, "असली चिंधीगिरी आपल्याला शोभत नाही गं. आपण काय ३०० डॉलरसाठी सातासमुद्रापार आलो का?" टेबल हसलं. माझा नवराही हसला. त्याचं मी घरी बघितलं.

हो दादा, मी तरी डॉलरसाठीच आले. तुम्ही काय बर्फ उपसायला आलात?

आणि गंमत ऐका. हेच दादा त्याआधी अर्धा तास सांगत होते की क्रेडिट कार्डांचे पॉइंट्स जमवून ते मुंबईला बिझनेस क्लासने कसे गेले. कार्ड कुठलं घेतलं, बोनससाठी तीन महिन्यांत खर्च कसा भरून काढला, वहिनींच्या नावावर दुसरं कसं काढलं, वार्षिक फी लागायच्या आत कसं बंद केलं. सगळे कान देऊन ऐकत होते. दोघांनी तर फोनमध्ये लिहून घेतलं. आता मला सांगा, यात आणि मी करते त्यात फरक काय? बँका त्याच, अटी तशाच, "नवीन ग्राहक" नावाचं गाजर तेच. फरक एवढाच की त्यांच्या बोनसमधून विमानाची सीट आडवी होते आणि माझ्या बोनसमधून किराणा येतो.

वर कर मी भरते. बँकेचा खातं उघडण्याचा बोनस इथे व्याज धरला जातो, जानेवारी-फेब्रुवारीत १०९९-आयएनटी हा व्याजाचा फॉर्म घरी येतो आणि ती रक्कम मी गुपचूप रिटर्नमध्ये लिहिते. खर्च करून मिळवलेले कार्डाचे पॉइंट्स म्हणजे खरेदीवरची सूट, त्यावर सहसा कर नाही. म्हणजे चिंधी मी, आणि सरकारला देणारीही मीच.

मला या प्रकाराचा पत्ता लागला २०१५ मध्ये. त्याआधीची सगळी वर्षं एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून बायकोला मिळतो त्या व्हिसावर. ज्यांनी ती काढलीत त्यांना सांगायला नको. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, बँकेत नवऱ्याच्या खात्यावर दुसरं नाव, आणि आलेलं प्रत्येक पाकीट त्याच्या नावाचं. त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी एच-फोर ईएडी, म्हणजे आमच्यातल्या काही जणींना कामाची परवानगी देणारं कार्ड, सुरू झालं. त्यासाठी लागणारं आमचं आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर होऊन पडलेलंच होतं. कार्ड आलं, नंबर आला, एका टॅक्सच्या ऑफिसात छोटी नोकरी लागली. आणि टपालात एक कूपन आलं: नवीन खातं उघडा, पगार थेट जमा होऊ द्या, २०० डॉलर घ्या.

गाडी चालवता येत नव्हती, चालत गेले. एडिसनमध्ये चालत कुठे जायचं तर फुटपाथ मध्येच संपतो आणि आपण कुणाच्या तरी लॉनमधून चोरासारखे जात राहतो. ब्रांचमधल्या माणसाने कूपन बघितलं, मला बघितलं, आणि अगदी अदबीने विचारलं, "तुमचे मिस्टर येतायत ना?" मी म्हटलं, नाही, खातं माझं आहे. त्याला त्यात काही विशेष वाटलं नसावं, तो टाइप करू लागला. माझे कान मात्र गरम झाले होते.

असो. मुद्द्यावर येते.

काही जणांना वाटतं बँक दानधर्म करतेय आणि आपण हात पसरतोय. अहो, बँक तुमचा आळस विकत घेतेय! पगार एकदा तिथे पडायला लागला की घरभाडं, वीज, फोन, सगळ्यांचे ऑटोपे त्याच खात्याला चिकटतात. मग ते सोडवत बसायला कोण जातंय? पुढे कार्ड त्यांचंच, गाडीचं कर्ज त्यांचंच, घराचं विचारायलाही माणूस तिथेच जातो. त्यासमोर ३०० डॉलर म्हणजे किरकोळ खर्च. २०२३ मध्ये फेडचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा, दर सव्वापाच टक्क्यांच्या वर गेला होता, तेव्हासुद्धा इथल्या सर्वांत मोठ्या बँका साध्या सेव्हिंग्जवर ०.०१ टक्का देत होत्या. १०,००० डॉलर वर्षभर ठेवा आणि १ डॉलर घ्या. ही चिंधीगिरी कुणाची?

आणि हे काही आजचं नाही. १९३३ च्या कायद्याने इथे चेकिंग खात्यावर व्याज द्यायला बंदी घातली, सेव्हिंग्जच्या व्याजावरही मर्यादा आली. मग ग्राहक ओढायचा कसा? बँका टोस्टर वाटायच्या. काचसामान वाटायच्या. व्याजावरची मर्यादा १९८६ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठली, चेकिंगवरची बंदी थेट २०११ मध्ये. टोस्टर घरी आणणाऱ्या त्या गोऱ्या आज्यांना कुणी चिंधी म्हटलं नसेल.

बरं, नैतिकतेवर येताय? या. २०१६ च्या सप्टेंबरात वेल्स फार्गोचं प्रकरण बाहेर आलं. एका ग्राहकाच्या गळ्यात आठ प्रॉडक्ट्स मारायची असा वरून धोशा, आणि टार्गेट गाठायला कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती उघडली. सुरुवातीचा आकडा सुमारे २० लाख, नंतरच्या तपासणीत तो ३५ लाखांपर्यंत गेला. १८.५ कोटी डॉलर दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, आणि २०२० मध्ये ३०० कोटी डॉलर भरून तडजोड झाली. म्हणजे बँकेने माझ्या नावावर मला न सांगता खातं उघडलं तर तो "व्यवसायाचा दबाव", आणि मी माझ्या नावावर, माझ्या सहीने, त्यांनीच धाडलेलं कूपन घेऊन खातं उघडलं तर मला शोभत नाही!

हीच शोभणारी मंडळी गॅलनमागे चार पैसे वाचवायला कॉस्टकोच्या पेट्रोलच्या रांगेत इंजिन चालू ठेवून बसतात. पाव टक्क्यासाठी पुण्यातली एनआरई (अनिवासी भारतीयांची) एफडी या बँकेतून त्या बँकेत हलवतात. तेव्हा ते नियोजन असतं.

ठीक आहे, वेळ जातो, मान्य. ज्यांना तारखा लक्षात राहत नाहीत त्यांनी या वाटेला जाऊच नये, हेही मान्य. पगार साधारण ९० दिवसांत जमा झालेला लागतो, खातं सहा महिन्यांच्या आत बंद केलं तर काही बँका बोनस परत काढून घेतात, दर महिन्याची १२-१५ डॉलर फी चुकवायला अट पाळत राहावी लागते, आणि गेल्या दोन वर्षांत तुम्ही त्यांचे ग्राहक असाल तर बऱ्याच ठिकाणी हातात काही येत नाही. मी टॅक्सच्या ऑफिसात असल्यामुळे छोटा टाइप वाचायची मला सवय आहे. त्या दिवशीसुद्धा ब्रांचमधल्या त्या माणसासमोर बसून सगळी पानं वाचली होती. तो दोनदा पाणी पिऊन आला.

आता खरं सांगू? जेवताना बाकी कुणी नाही, पण एका मुलीने, नुकतीच शिकायला आलीय, हळूच विचारलं, "पण हे पैसे येतात कुठून?" दादांपेक्षा तिचा प्रश्न मला जास्त बोचला. कारण थोडेफार तिथूनच येतात, जिथून यायला नकोत. ज्याच्या खात्यात ४० डॉलर उरलेत त्याचा ५० डॉलरचा व्यवहार गेला की ३५ डॉलर ओव्हरड्राफ्टची फी, ही वर्षानुवर्षं इथली रीत. काही बँकांनी अलीकडे ती फी कमी केली, काहींनी काढली, सगळ्यांनी नाही. ती थकली आणि बँकेने खातं बंद केलं की तुमचं नाव चेक्ससिस्टम्स नावाच्या वहीत जातं आणि पाच वर्षं राहतं. दुसऱ्या बँकेत गेलात की स्क्रीनवर ते दिसतं, आणि "सॉरी" म्हणतात. एफडीआयसीच्या (बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणारी इथली सरकारी संस्था) २०२३ च्या पाहणीत ५६ लाख कुटुंबांकडे एकही बँक खातं नव्हतं. कारणं बरीच, त्यातलं हे एक.

मिस्टर येत नाहीत म्हटल्यावर ब्रांचमधला तो माणूस स्क्रीनवर काहीतरी बघत बसला होता ना, तो बहुतेक हेच बघत होता. माझं नाव कुठेच नव्हतं. वाईट यादीत नाही, चांगल्या यादीतही नाही. म्हणून मी आत गेले. बोनस पगारवाल्याला मिळतो. रोख मजुरी घेणाऱ्याला तो कूपन दाखवूनही मिळत नाही. हे मला खटकतं. पण मी ३०० डॉलर घेतले नाहीत म्हणून बँक ते त्या माणसाला देणार आहे का? नाही देणार. तेव्हा हा प्रश्न माझ्या अंगावर टाकून कुणी सुटू नये. सुटायचंच असेल तर कॅपिटॉल हिलवर, म्हणजे इथल्या संसदेला, पत्र लिहा, मीही सही करते.

त्या पहिल्या २०० डॉलरमध्ये मी ड्रायव्हिंगचे धडे घेतले. सगळे पैसे त्यातून निघाले नाहीत, पण सुरुवात त्यातून झाली. नवरा शिकवत होताच, पण नवऱ्याने गाडी शिकवणं म्हणजे काय, हे इथल्या बायकांना मी सांगायला नको. आमच्याकडे ब्रेकपेक्षा आवाज जास्त लागायचा. क्लास लावल्याचं त्याला नंतर सांगितलं. तो जरा हिरमुसला. म्हणाला, "अगं, मला मागायचे ना." चांगलाच माणूस आहे, त्याने कधी नाही म्हटलंही नसतं. पण मागायचं नव्हतं रे बाबा. एवढं साधं त्याला आजही सांगून कळतं असं नाही, म्हणून तर टेबलावर हसला.

बाकी, भारतातले भाचे-पुतणे वाचत असतील तर त्यांना एक वेगळं सांगायचंय, हसण्यावारी नेऊ नका. "खातं उघड, पासबुक, एटीएम आणि सिम आमच्याकडे दे, दोन-पाच हजार घे" असं कुणी म्हणालं, तर तो बोनस नाही. ते तुमचं खातं फसवणुकीचे पैसे फिरवायला भाड्याने घेतायत, आणि पोलीस पहिले तुमच्या दारात येतात. रिझर्व्ह बँकेने असली खाती हुडकायला २०२४ च्या डिसेंबरात "म्यूलहंटर" नावाची यंत्रणा जाहीर केली, इतकं ते वाढलंय. मी सांगतेय ते आपल्या नावाचं, आपल्या हातातलं, आपल्या पगाराचं खातं. दोन्हींची सरमिसळ करून मला फोन करू नका.

इथल्यांसाठी: बँक एफडीआयसीची सदस्य आहे ना ते बघा (२,५०,००० डॉलरपर्यंत विमा असतो), अटींचं पान उतरवून ठेवा, ऑटोपे जुन्या खात्यावरच राहू द्या. साध्या चेकिंग खात्यासाठी बहुतेक बँका क्रेडिट स्कोअरला धक्का लागेल अशी चौकशी करत नाहीत, पण आधी विचारा. घराचं कर्ज काढायच्या बेतात असाल तर सध्या हे सगळं राहू द्या, लोनवाला प्रत्येक जमा रकमेचा हिशेब मागून जीव खाईल.

एच-फोरवरून नुकतंच ईएडी मिळालेल्या कुणाला पहिलं खातं उघडायला सोबत हवी असेल तर मेसेज करा, शनिवारी सकाळी मी मोकळी असते. आता गाडी चालवता येते.

आणि कॉमेंटमध्ये स्वतःच्या रेफरल लिंका टाकू नका. डिलीट करीन.